कोरड्या डोक्याला किती तेल?

हवेतला गारवा वाढला, ओठ फुटू लागले, की सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक तक्रार हमखास वाढते. रुग्ण आलेला असतो मधुमेहाच्या गोळ्या न्यायला किंवा रक्तदाब तपासायला. उठता उठता तो म्हणतो, ‘‘डॉक्टर, डोकं फार कोरडं पडलंय. खाज सुटते, कोंडा पडतो. तेल रोज लावतो, तरी जात नाही.’’ या बोलण्यात रोगाचे नाव, कारण आणि उपचार असे तिन्ही त्याने स्वतःच ठरवलेले असते. कोंडा दिसला म्हणजे डोके कोरडे, कोरडे म्हणजे तेल कमी, आणि तेल कमी म्हणजे आणखी तेल! काही जणांना हा हिशेब लागू पडतो. पुष्कळांच्या बाबतीत मात्र तो उलटा निघतो आणि तेलाची वाटीच कोंडा वाढवत राहते.

म्हणून डोक्याच्या त्वचेचा ओलावा कसा टिकवायचा, हे सांगण्याआधी आपले डोके खरोखर कोरडे आहे का, हे पाहायला हवे.

ओलावा असतो कुठे?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते आणि तिच्यातून दिवसरात्र एक मेणचट, तेलकट द्रव पाझरतो. त्याला सीबम म्हणतात. चेहरा आणि डोके या शरीरातल्या सर्वांत जास्त तैलग्रंथी असलेल्या जागा. पायाच्या नडगीवर त्या फार थोड्या असतात, म्हणून थंडीत पाय आधी उलतात. डोक्याला निसर्गानेच तेलाची सोय करून दिली आहे.

मात्र तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा म्हणजे पाणी, आणि ते असते त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात. या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा चुना भरलेला असतो. हा चुना शाबूत असेल तर आतले पाणी बाहेर उडून जात नाही. तो धुपून गेला की भिंतीला भेगा पडतात, पाणी उडते, त्वचा ताणल्यासारखी वाटते, खाज सुटते आणि बारीक पांढरी पूड पडू लागते. सीबम या भिंतीवरून फिरलेल्या हलक्या लेपाचे काम करते.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. या आम्लतेमुळे चुना टिकतो आणि उपद्रवी जंतूंची वाढ आटोक्यात राहते. त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन झडायला सुमारे एक महिना लागतो. चांगली सवय लावली तरी फरक दिसायला तीन-चार आठवडे जातात, ते यामुळे. चार दिवसांत तेल आणि शाम्पू बदलणाऱ्यांना कशाचाच गुण येत नाही!

थोडक्यात, डोक्यात ओलावा बाहेरून भरता येत नाही. आत आहे तो राखता येतो, आणि तो राखला जातो किंवा घालवला जातो तो आपल्या न्हाण्याच्या सवयींमुळे.

कोरडे की तेलकट?

मराठीत दोन्हींना आपण ‘कोंडा’च म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. घरच्या घरी करता येईल अशी एक साधी परीक्षा सांगतो. दोन दिवस तेल लावू नका. मग भांगाच्या जागी पातळ टिश्यू पेपर दाबून धरा आणि निघालेला कोंडा दोन बोटांत चोळून पाहा.

कागद कोराच राहिला, कोंडा बारीक, पांढरा, पिठासारखा असून नुसत्या झटकण्याने खांद्यावर पडत असेल, न्हाल्यानंतर डोके ओढल्यासारखे वाटत असेल आणि हातापायांची त्वचाही कोरडी असेल, तर डोके खरोखर कोरडे आहे.

कागदावर तेलाचा डाग उमटला, कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर आणि बोटांना मेणासारखे चिकट लागले, भुवयांत, नाकाच्या कडांना किंवा कानामागेही तसेच खवले दिसले, तर तो तेलकट कोंडा आहे. त्वचेला लाली आणि सूजही असेल तर त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. वयात आल्यावर तैलग्रंथी जोमाने कामाला लागतात, त्यामुळे हा त्रास कॉलेजच्या वयात सुरू होतो. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा जास्त दिसतो.

यामागे असते मॅलेसेझिया नावाची बुरशी. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली कोंड्यात ती पाहिली. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. ही बुरशी आपल्या सर्वांच्याच डोक्यावर राहते, म्हणून कोंडा कुणाकडून ‘लागत’ नाही. तिला जगायला चरबी लागते आणि लागणारी मेदाम्ले ती स्वतः तयार करू शकत नाही. ती सीबममधले स्निग्ध पदार्थ फोडते, आपल्याला हवे ते खाते आणि उरलेले त्वचेवर टाकून देते. या उरलेल्यांत ओलेइक आम्ल असते. ज्यांची त्वचा या आम्लाला संवेदनशील असते, त्यांच्या त्वचेची भिंत त्याने खिळखिळी होते, पेशी भराभर झडतात आणि कोंडा दिसू लागतो.

आता एक गंमत पाहा. प्रयोगशाळेत मॅलेसेझिया वाढवायची असेल, तर तिच्या खाद्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. तेलकट कोंडा झालेल्या डोक्यावर रात्रभर तेल थापून झोपणारा माणूस नकळत तेच करत असतो. तेल लावल्यावर खवले त्वचेला चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात. ‘तेलाने कोंडा गेला’ असे वाटते. दोन दिवसांनी तो अधिक जोमाने उगवतो.

तेल न्हाण्याआधी

मग आजी तेल लावायची ते चुकीचे होते का? मुळीच नाही. तिची पद्धत नीट आठवून पाहा. दिवाळीतल्या अभ्यंगात तेल लावतात, थोडा वेळ मुरू देतात आणि त्यानंतर शिकेकाईने खसखसून धुऊन काढतात. एरवीही न्हायच्या दिवशी आधी तेल आणि मग शिकेकाई किंवा रिठा, असाच क्रम असे. तेल डोक्यावर आठवडाभर साठवायचे नव्हते. आपण त्यातला पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा सोडला. आता न्हाल्यावर तेल लावतात, त्यावर रोज थोडे थोडे चढवतात, रस्त्यावरची धूळ आणि हेल्मेटमधला घाम त्यात मिसळतो आणि पुढचा रविवार येईपर्यंत त्याचा चिकट थर होतो.

खोबरेल तेलाचा उपयोग खरा आहे, पण तो प्रामुख्याने केसांना. मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यास केसांतील प्रथिनांची झीज रोखण्यात खोबरेल तेल सरस ठरले. त्यातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते. संशोधन तेल विकणाऱ्यांचेच होते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. पण केस धुण्याआधी तेल लावण्याच्या आपल्या जुन्या रीतीशी ते जुळते.

डोके खरोखर कोरडे असेल, तर न्हाण्याआधी तास-दोन तास चमचाभर तेल बोटांच्या पेरांनी हलके जिरवा. ते पाण्याला उडू देत नाही आणि शाम्पूचा मारा सौम्य करते. तेलकट कोंडा असेल, तर तेल केसांच्या लांबीपुरते ठेवा, त्वचेवर नको. ज्यांना तेलाशिवाय करमतच नाही, त्यांनी तासाभरात धुऊन टाकावे. डोके दाबून रगडल्याने केस वाढतात, या समजुतीत जोर लावू नका. कोरड्या, खाजऱ्या त्वचेला जोराचे रगडणेही सोसत नाही.

पाणी आणि साबण

थंडीत बंबाचे किंवा गीझरचे कढत पाणी डोक्यावरून घ्यायला बरे वाटते. पण खरकट्या भांड्याचा ओशटपणा गरम पाण्याने जसा पटकन सुटतो, तसाच त्वचेचा चुनाही सुटतो. डोक्यासाठी पाणी कोमटच हवे. अंगावर कढत पाणी घेणाऱ्यांनी निदान डोक्यापुरता तांब्यात गार पाण्याचा हात द्यावा.

ग्रामीण भागात, विशेषतः पुरुषमंडळींत, अंगाचाच साबण डोक्याला फिरवण्याची पद्धत सर्रास आहे. काही घरांत कपड्यांची वडीही चालते. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. डोक्याची आम्लता त्याने बिघडते आणि ती पूर्ववत व्हायला काही तास लागतात. त्यात पाणी बोअरचे असेल तर आणखी एक भानगड होते. खडकातून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ही कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. अनेक गावांतल्या बोअरचे पाणी किती जड आहे, हे डाळ शिजवणाऱ्या बाईला मानक न वाचताही कळते! अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. त्याचा पांढरट चिकट साका होतो आणि तो केसांना व त्वचेला धरून बसतो. पुष्कळदा लोक त्यालाच कोंडा समजतात.

यावर उपाय सोपा आहे. डोक्याला साबण बंद करा. शाम्पूमधले घटक जड पाण्यातही साका करत नाहीत. एक रुपयाचे पाकीटही साबणाच्या वडीपेक्षा बरे. शक्य असेल तर शेवटचे दोन तांबे पाणी उकळून, निवळून, गार केलेले किंवा नळाचे घ्या. उकळल्याने क्षारांचा काही भाग तळाशी बसतो. जड पाण्याने टक्कल पडते ही भीती मात्र मनातून काढून टाका. केस रूक्ष होतात, मुळे मरत नाहीत.

शाम्पू थेट डोक्यावर ओतू नका. तळहातावर घेऊन थोड्या पाण्यात फेसाळून घ्या आणि तो त्वचेला लावा. केसांच्या टोकांना वाहून जाणारा फेस पुरतो. नखांनी खरवडू नका, बोटांची पेरे वापरा. कंडिशनर लावायचा तो केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला. आणि फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा. टँकरच्या गावात पाणी जपून वापरावे लागते हे मी जाणतो, पण तिथे शाम्पू निम्मा घ्यावा, धुण्याचे पाणी कमी करू नये.

किती वेळा न्हावे? कोरड्या डोक्याला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा सौम्य शाम्पू पुरे. तेलकट डोक्याला दोन-तीनदा, आणि घामाचे काम करणाऱ्यांना गरजेप्रमाणे त्याहूनही जास्त. ‘रोज धुतल्याने केस गळतात’ म्हणून तेलकट कोंडा असलेली मुले डोक्याला पाणीच लावत नाहीत. केस रोज पन्नास ते शंभर गळतच असतात. आठवडाभराचे साठलेले एकदम हातात येतात म्हणून घाबरायला होते, इतकेच.

तेलकट कोंड्यासाठी किटोकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू उपयोगी पडतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. लावला की लगेच धुऊ नका. तीन ते पाच मिनिटे राहू द्या. बहुतेकांना गुण येत नाही तो या पाच मिनिटांच्या घाईमुळे.

ओले केस, हेल्मेट, पंखा

न्हाल्यावर केस ओलेच अंबाड्यात बांधून कामाला लागणे किंवा ओल्या डोक्यावर हेल्मेट चढवणे, या दोन्ही सवयी बुरशीला मानवतात. टॉवेलने चोळू नका, टिपून घ्या आणि मुळे वाळू द्या. ड्रायर वापरायचाच तर लांबून आणि कमी उष्णतेवर. हेल्मेटखाली रोज धुतलेला सुती रुमाल बांधा. हेल्मेट मात्र टाळू नका. केस परत येतात!

बाजूलाच एसी किंवा जोराचा पंखा घेऊन झोपणाऱ्यांची त्वचा रात्रभर पाणी गमावत असते. त्याचा झोत डोक्यावर येणार नाही अशी खाट फिरवली तरी पुष्कळ काम होते.

लिंबू, सोडा आणि काळी मेहंदी

लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, कांद्याचा रस हे घरगुती म्हणून निरुपद्रवी मानले जातात. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणजे त्वचेच्या मानाने तो फार तीव्र आम्ल आहे. सोडा उलट बाजूचा, अल्कधर्मी. खाजवून ओरखडलेल्या त्वचेवर दोन्हींनी आग होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डागही पडू शकतात.

खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-केशरी येतो. दहा-पंधरा मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेहंदी’त पीपीडी हे रसायन असण्याची शक्यता फार. त्याची ॲलर्जी असेल तर डोके लाल होऊन पाझरते, पापण्या सुजून डोळे मिटतात. वापरण्याआधी कानामागे ठिपका लावून ४८ तास वाट पाहावी. पूर्वी चालला होता म्हणून यावेळीही चालेल, असे नसते. ही ॲलर्जी कधीही सुरू होऊ शकते.

‘‘पाणी जास्त पितो, मग डोकं कोरडं कसं?’’ असेही विचारतात. तहानेप्रमाणे पाणी हवेच, पण चार लिटर पिऊन डोक्याची त्वचा ओली होत नाही. ते जादा पाणी लघवीवाटे जाते. आहारात डाळी, दूध, शेंगदाणे, जवस, तीळ, हिरव्या भाज्या असाव्यात. जवसाची चटणी पूर्वी थंडीत घरोघरी असायची, ती पुन्हा ताटात आली तर उत्तमच.

तान्ही बाळे आणि वडीलधारी

आपल्याकडे बाळाची टाळू भरतात. मायेच्या हाताने थोडे तेल लावण्यात गैर काही नाही, पण दाब नको. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी काही महिने जाग्या असतात, त्यामुळे डोक्यावर पिवळसर खपली धरते. ती बहुधा आपोआप जाते. आंघोळीआधी तेलाने मऊ करावी आणि सौम्य शाम्पूने तेलासकट धुऊन काढावी. नखाने उपटू नये.

साठीनंतर, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावर, सीबम कमी होते. इथे डोके खरोखरच कोरडे पडते. त्यांनी शाम्पू कमी वेळा वापरावा, पाणी कोमट घ्यावे आणि तेलाचा हात आवर्जून फिरवावा. त्वचेसोबत थकवा, बद्धकोष्ठ, वाढते वजन, सोसेनाशी थंडी अशा तक्रारी असतील तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. तिथे तेलाने भागणार नाही.

शाळकरी मुलाचा ‘कोंडा’

आता सर्वांत महत्त्वाचे. वर्षभराच्या बाळापासून वयात येईपर्यंत तैलग्रंथी जवळजवळ झोपलेल्या असतात. म्हणून पाच-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात खरा कोंडा सहसा होत नाही. अशा मुलाच्या डोक्यावर खवले दिसले, एखाद्या जागचे केस तुटून काळे ठिपके उरले, मानेत गाठी आल्या, तर तो डोक्यावरचा नायटा असण्याची दाट शक्यता असते. मुलींमध्ये नुसती खाज असेल तर आधी कानामागे आणि मानेवर लिखा शोधाव्यात.

हा नायटा तेलाने, मलमाने किंवा चकोट करून बरा होत नाही. बुरशी केसाच्या मुळात असते आणि तिथे मलम पोहोचत नाही. पोटात घ्यायचे औषध सहसा सहा ते आठ आठवडे द्यावे लागते. ‘कोरडेपणा’ समजून महिनोन् महिने तेल लावत बसले तर काही मुलांना पू भरल्यासारखी मऊ, दुखरी सूज येते, आणि तिथली मुळे कायमची जळून टक्कल राहते. वेळेवर उपचार झाले तर केस परत येतात. खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी साधी आणि लवकर होणारी आहे. भावंडांचेही डोके तपासून घ्यावे, कंगवा आणि टोपी प्रत्येकाची वेगळी ठेवावी.

दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावणे तर सर्वांत घातक. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते. लाली आणि खाज दबते, बुरशी आतून पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली, ती याच गैरवापरामुळे.

मोठ्यांनीही पुढील खुणा दिसल्यास वाट पाहू नये: केसांच्या रेषेबाहेर आलेले जाड, चंदेरी खवले आणि कोपर-गुडघ्यांवर तसेच चट्टे, जे सोरायसिसमध्ये दिसतात, पाझर, पू किंवा ताप, गोल जागी केस जाणे, आणि महिनाभर नीट काळजी घेऊनही न थांबणारी खाज.

एक महिना करून पाहा

पहिल्या दिवशी कागदाची परीक्षा करा. डोक्याचा साबण बंद, कढत पाणी बंद, लिंबू-सोडा बंद. कोरडे डोके असेल तर न्हाण्याआधी तेल आणि आठवड्याला एक सौम्य शाम्पू. तेलकट असेल तर त्वचेला तेल नाही आणि आठवड्याला दोन-तीन शाम्पू. न्हाल्यावर मुळे वाळल्याशिवाय केस बांधायचे नाहीत. चार आठवडे यात बदल करू नका. खाज थांबली तर तीच सवय पुढे चालू ठेवा. थांबली नाही तर नवे तेल आणण्याऐवजी जवळच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून या. आणि त्या दिवशी डोक्याला तेल न लावता या, म्हणजे त्वचा आम्हाला नीट पाहता येईल.